काचेला पोत नसतो

चारकोलची कांडी हातकागदावरून ओढली की कागद तिला थोडं मागे खेचतो. त्या ओढाताणीतून रेघ घडते. कुठे ती जाड होते, कुठे तुटते, कुठे कागदाच्या उंचवट्यांवर टेकत खोलगट जागा कोऱ्या सोडून पुढे जाते. टॅबलेटच्या काचेवर यातलं काही घडत नाही. पेन दाब मोजतं. बाजारातली काही पेनं दाबाच्या ८१९२ पातळ्या ओळखतात. पण दाब मोजणं वेगळं आणि दाबाला उलट उत्तर देणं वेगळं. व्यक्तिचित्र करणाऱ्याला समोरचा चेहरा अडवत असतो. नाक घसरलं की लगेच कळतं. अमूर्त चित्रात अडवायला माध्यमाशिवाय कुणी नसतं, आणि काच अडवत नाही.

तरी मी काचेवर काढते. अंधेरीच्या वन बीएचकेत पाच फुटांचा कॅनव्हास भिंतीला टेकवला की मागे सरून बघायला जागा उरत नाही, आणि टर्पेंटाइनचा वास रात्रभर घरात कोंडून राहतो. टॅबलेटला एक खुर्ची पुरते. पण जागेचा प्रश्न सुटला म्हणून चित्राचा सुटत नाही. काचेकडे नसलेला विरोध कुठून तरी आणावा लागतो, आणि तो मला उपनगरातल्या रस्त्यांवर, भिंतींवर मिळत गेला. रोजच्या जगण्यातली प्रेरणा म्हटलं की लोकांना एखादं सुंदर दृश्य अपेक्षित असतं. मला दृश्य नको असतं. हाताला बांधून घालणारा एखादा नियम हवा असतो.

पहिला नियम गिलबर्ट हिलने दिला. अंधेरी पश्चिमेला, इमारती आणि झोपड्यांच्या मधून साधारण ६१ मीटर उंचीचा बेसाल्टचा कडा सरळ वर गेला आहे. माथ्यावर गावदेवीचं मंदिर आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा थंड होताना आकसला, त्याला तडे गेले आणि ते खोल उतरत गेले. म्हणून कडा उभ्या खांबांचा दिसतो. त्या रेघा कुणी ओढलेल्या नाहीत, ताण सुटताना त्या पडल्या आहेत. एक तडा गेला की त्याच्या लगतच्या खडकातला ताण कमी होतो, म्हणून दुसरा तडा त्याला चिकटून जात नाही, अंतर राखून जातो. मी हेच कामाला लावलं. एक उभी रेघ काढली की तिच्या दोन्ही बाजूंचा पट्टा सुटलेला मानायचा, तिथे दुसरी रेघ नाही. जिथे जागा अजून ताणलेली वाटते तिथेच पेन टेकवायचं. यातून येणारी अंतरं समान नसतात, पण मनाला येईल तशीही नसतात.

नियम ठरवून रेघ काढणं संगणकाने आणलेलं नाही. चित्रकार अकबर पदमसी यांनी जवाहरलाल नेहरू फेलोशिपच्या काळात, १९७०च्या सुमारास, ‘सिझिजी’ नावाचा छोटा चित्रपट केला. नियमाने वाढत जाणाऱ्या रेषांची शेकडो रेखाटनं, आणि त्यांना अ‍ॅनिमेटर राम मोहन यांनी दिलेली गती. त्यात गोष्ट नाही, आवाजही नाही. पुढे उतारवयात पदमसी संगणकावर चित्रं करू लागले याचं म्हणूनच मला नवल वाटत नाही.

नियम बाहेरून घेते, पण फोटोवरून गिरवणं मी टाळते. टॅबलेटवर ते फार सोपं असतं: फोटो खालच्या लेयरवर ठेवायचा, वर काढायचं, मग फोटोचा लेयर बंद करायचा. अशी रेघ बरोबर येते आणि मेलेली असते. चित्रकार नसरीन मोहम्मदी उत्तम फोटो काढत. रस्ते, हातमाग, समुद्रकाठची वाळू. पण हयातीत त्यांनी ते प्रदर्शनात मांडले नाहीत, आणि त्यांच्या शाईच्या काटेकोर रेषांत यातलं काही ओळखू येईल असं उरत नाही. बघणं आणि काढणं यांच्यामध्ये त्यांनी राखलेलं ते अंतर मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा नियम पुलांनी दिला. फेब्रुवारी २०२४मध्ये अंधेरीच्या नव्या गोखले पुलाची एक बाजू सुरू झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल तिला जुळत नव्हता. एक रस्ता वर, एक खाली. पुढे जॅक लावून तो पूल उचलला आणि जोडला. मधल्या काळात मी तिथे पुष्कळदा उभी राहिले. डोळा ती तुटलेली रेघ पुरी करायला धावायचा, ती पुरी व्हायची नाही, पुन्हा धावायचा. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जवळ आलेली टोकं आपोआप जुळवणारी सोय असते, हाताचा कंप काढून टाकणारा स्टॅबिलायझरही असतो. मी दोन्ही बंद केले. तेव्हापासून माझ्या चित्रांत अगदी जवळ येऊन न भेटणाऱ्या रेघा आहेत, आणि चित्रातली सगळ्यात जास्त हालचाल त्या फटीत असते.

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते इमारतींच्या दुरुस्तीने. पावसाळा संपला की परांच्या चढतात. कामगार भिंतीवरची प्रत्येक भेग शोधतात, छिन्नीने ती थोडी रुंद करतात आणि तीत पॉलिमरचा गिलावा भरतात. रंगाचे पैसे जमेपर्यंत कित्येक सोसायट्या तशाच राहतात: सात मजली पिवळट भिंत आणि तिच्यावर पांढऱ्या, फाटे फुटलेल्या रेघांचं जाळं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली रेघ, स्लॅबच्या पातळीवरची आडवी, पाइपाच्या मागे शिरलेली. प्रत्येकीला कारण आहे आणि सजावटीसाठी एकही नाही. या भिंतींपुढे मी जितका वेळ घालवला तितका कुठल्याच गॅलरीत घालवला नसेल.

इथून अनडूचा, म्हणजे केलेलं मागे घेण्याच्या सोयीचा, प्रश्न सुटला. काचेवर दोन बोटं टेकवली की रेघ नाहीशी होते, मागे काहीच उरत नाही. चित्रकार गायतोंडे रंग चढवायचे आणि पॅलेट नाइफने काढायचे. काढलेल्या रंगाचाही माग कॅनव्हासवर राहायचा, त्याचीच ती खोली असायची. अनडूत असं काही शिल्लक पडत नाही. म्हणून मी भेग भरणाऱ्यांची पद्धत उचलली. रेघ नको झाली तर पुसायची नाही, तिच्यावरून तिच्याहून रुंद रेघ न्यायची. एकच लेयर. नको असलेली रेघ अशाने चित्रातली सगळ्यात ठळक जागा होते आणि बाकीच्या चित्राला तिच्याशी जमवून घ्यावं लागतं.

शेवटी छापायला गेल्यावर कागद भेटतोच. सुती कागदावर पिगमेंट इंकचा प्रिंट निघतो, तेव्हा स्क्रीनवर उजेडाने पेटलेला, ताडपत्रीसारखा माझा निळा निम्मा विझतो. मी आता निळा आधीच दबका ठेवते.

सध्या अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. भेगा भरलेल्या भिंतीवर रंगाचा हात फिरला तरी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या रेघा उठून दिसतात, रंग तोच असूनही, निव्वळ उंचवट्यामुळे. काचेवर उंचवटा नाही. एकाच राखाडीच्या दोन अगदी जवळच्या छटा घेऊन मी ते करून बघते आहे. फरक थोडा वाढवला की रेघ काढलेली वाटते, कमी केला की प्रिंटमध्ये हरवते. प्रिंट काढणाऱ्याने मॅटऐवजी किंचित चमक असलेला कागद सुचवला आहे. पुढच्या आठवड्यात त्याच्यावर चाचणीच्या पट्ट्या काढून बघायच्या आहेत.