गगनचुक्कीचा रविवार

शनिवारी रात्री मी घरात तोंडी मूव्ह ऑर्डर दिली. उठणे पहाटे चार, फॉल-इन साडेचार, गाडी पाचला सुटणार. आईने ऐकलं न ऐकलंसं केलं. थोरली म्हणाली, "पप्पा, रविवार आहे." बारक्या तर आधीच झोपला होता. बायकोने डब्यासाठी कणीक मळता मळता विचारलं, "नळाला पाणी साडेचारला येतं. ते कोण भरणार?"

त्यामुळे सुटायला पावणेसहा झाले. तेवीस वर्षं नोकरी केलेल्या हवालदाराच्या घरात वेळेची ही अवस्था. पण ते घर माझं होतं कुठे? वर्षभर ते बायको चालवत होती, आणि मी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलेला पाहुणा होतो.

ही गोष्ट जुलै २०१८ ची. त्याआधी तीन वर्षं मी बेंगळुरूत एनसीसीच्या एका बटालियनला पीआय स्टाफ म्हणून होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या माणसाला पलटणीबाहेरचं हे पोस्टिंग म्हणजे सुखाचे दिवस. कॉलेजच्या पोरांना ड्रिल शिकवायची, रायफल खोलून दाखवायची आणि संध्याकाळी घरी जेवायचं. क्वार्टर मिळालं नाही म्हणून बनशंकरीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. जून २०१७ मध्ये बनशंकरीचं मेट्रो स्टेशन सुरू झालं आणि त्याच महिन्यात माझी पलटणीत परत जायची ऑर्डर आली. पलटण तेव्हा राजौरीकडे होती. मुलांची शाळा मध्येच तोडायची नाही म्हणून बिऱ्हाड तिथेच ठेवलं. मेट्रोत मी एकदाच बसलो, तेही ट्रंक घेऊन.

आता मुख्य गोष्ट. माझ्या शर्टाच्या खिशात एक कागद होता. हवालदाराची चोवीस वर्षं भरत आली की पुढच्या दोन वर्षांच्या एक्स्टेन्शनसाठी विलिंग की अनविलिंग, ते लिहून द्यावं लागतं. सुट्टीवर निघताना क्लार्कने फॉर्म हातात दिला आणि म्हणाला, "घरी विचारून या." मी दहा दिवस विचारलंच नव्हतं. बायको काय म्हणणार ते मला ठाऊक होतं, किंवा मी तसं समजत होतो. बस झालं आता, या घरी, असंच ती म्हणणार. गाडीत बसून धबधब्याला जाऊ, मन मोकळं असेल, तेव्हा विषय काढू, असा माझा बेत होता. आईला मात्र दुपारी साडेचारच्या आत परत यायचं होतं. बनशंकरीच्या देवळात मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी राहुकाळात लिंबाचे दिवे लावतात, आणि रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा. लिंबू अर्धं कापायचं, रस पिळायचा, साल उलटी करायची आणि त्यात तूप-वात घालायची. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली होती, "एवढ्या लिंबांचं लोणचं झालं असतं की रं!" आणि नंतर दर आठवड्याला स्वतःच दोन लिंबं घेऊन जाऊ लागली.

गाडी बायकोने चालवली. जुनी मारुती आठशे, तिनेच शोधून घेतलेली. मी नसताना ती ड्रायव्हिंग शिकली हे फोनवर कळलं होतं, तेव्हा मी हसलो होतो. आता डावीकडे बसून उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत होतो. यलचेनहळ्ळीच्या पुढे मेट्रोच्या वाढीव मार्गाचं काम चाललेलं, रस्ता अर्धा खोदलेला. एका टँकरने दाबली तर तिने काच खाली करून कानडीत असं काही सुनावलं की टँकरवाल्याने हात जोडले. मागच्या सीटवर आई हळूच म्हणाली, "आता तुजं काय काम न्हाई हितं." ती चेष्टेने म्हणाली होती.

कनकपुरा रोड बेंगळुरूच्या बाहेर पडला की बघण्यासारखा आहे. लाल माती, नाचणीची रानं, रेशमाच्या किड्यांसाठी लावलेली तुती आणि मध्येच शेतातून उठलेले बोडके काळे खडक. हारोहळ्ळी, कनकपुरा, सातनूर, हलगुरु, मळवळ्ळी, अशी गावं लागतात. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटर. याच रस्त्याच्या कडेने बेंगळुरूचं पाणी येतं, हे मला थोरलीने सांगितलं. तिला शाळेत प्रोजेक्ट होता. शिवनसमुद्राजवळ कावेरीचं पाणी उचलतात, तोरेकाडनहळ्ळीला शुद्ध करतात आणि पुढे हारोहळ्ळी, तातगुणी असे टप्पे करत पंपांनी वर चढवतात. जवळजवळ शंभर किलोमीटर लांब आणि पाचशे मीटर उंच. पहिला टप्पा १९७४ चा. म्हणजे आमच्या नळाला एक दिवसाआड पहाटे जे पाणी येतं ते आम्ही चाललो होतो तिथूनच, आमच्या उलट दिशेने, चढ चढून येत होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये याच पाण्यावरून शहरात गाड्या जळल्या, संचारबंदी लागली. तेव्हा मी घरात होतो. ते चार दिवस सोडले तर पाणी कुठून येतं याचा विचार मी केला नव्हता. नळ सोडला की येतं, एवढंच.

नऊच्या सुमारास पोहोचलो. शिवनसमुद्रला कावेरीचे दोन फाटे होतात आणि मधल्या बेटाला वळसा घालून दोन्ही बाजूंनी कड्यावरून कोसळतात. एका बाजूला गगनचुक्की, दुसऱ्या बाजूला भरचुक्की. बेटावर रंगनाथाचं देऊळ आहे. श्रीरंगपट्टणचा आदिरंग, हा मध्यरंग आणि तमिळनाडूत श्रीरंगमचा अंत्यरंग. एरवी उन्हाळ्यात इथे नुसते खडक दिसतात. पण त्या वर्षी कृष्णराजसागर जुलैतच भरलं होतं आणि वरून पाणी सोडलेलं होतं. गाडीतून उतरलो तेव्हा काही दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. मला आधी तोफखान्याच्या फायरिंग रेंजची आठवण झाली. पायाखालची जमीन तशीच धरधरते.

मग दिसलं. मातकट रंगाचं पाणी, शंभर मीटरच्या आसपास उंचीवरून, टप्प्याटप्प्याने खडकांवर आपटत खाली येणारं. तुषार एवढे की समोरच्या कड्याचा वरचा भाग दिसेनासा व्हायचा आणि वारा फिरला की परत दिसायचा. मी साताऱ्याचा असून ठोसेघर पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर. भरतीच्या आधी धबधबा बघायला जाणं हे आमच्याकडे कुणाला सुचलंच नसतं. तेव्हा मी तज्ज्ञ नाही. पण ठोसेघर उंच असलं तरी बारीक आहे. हे म्हणजे अख्खी नदीच पडत होती.

आई कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं नमस्कार करील, पण तिने केला नाही. "पाणी बघाया एवढ्या लांब येत्यात व्हय लोकं?" म्हणाली. तिचं माहेर कोयनेच्या शिवसागरात गेलेलं. दहा-एक वर्षांची होती. काही भावकी लांबच्या जिल्ह्यात गेली, हे लोक डोंगरात वर सरकले. मी तिला सांगितलं, इथल्या पाण्यावर १९०२ साली वीज केली. म्हैसूर संस्थानाने. दिवाण शेषाद्री अय्यरांनी हे काम मनावर घेतलं आणि आखणी केली ती जोली द लोत्बिनिएर नावाच्या रॉयल इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्याने, म्हणजे एका सॅपरने. ती वीज दीडशे किलोमीटर तारांवरून थेट कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले ते तीन वर्षांनी, १९०५ ला. आई म्हणाली, "मंजी आमच्यावानीच. कोयनंची लाइट आधी म्हमईला, मग आमास्नी." एवढं बोलून ती डबा सोडायला बसली. चपात्या, खर्डा, शेंगदाण्याची चटणी.

मी विषय काढणार होतो तो इथेच. मुलं जरा लांब होती. खिशात हात घातला तेवढ्यात बारक्याकडे लक्ष गेलं. कठड्यापलीकडे, पाट्या लावलेल्या असूनही, चार-पाच कॉलेजची पोरं ओल्या खडकावर उतरली होती, फोटो काढायला. आणि बारक्या कठड्याच्या खालच्या गजावर पाय देऊन त्यांच्याकडे वाकून बघत होता.

मी ओरडलो. परेड ग्राउंडवर शेवटच्या फाइलपर्यंत पोहोचतो तो आवाज. त्या गर्जनेतसुद्धा तो ऐकू गेला असावा, कारण आजूबाजूची पंधरा-वीस माणसं वळली. मी पळत गेलो, बारक्याला दंडाला धरून खाली ओढला आणि त्या पोरांना हिंदीत शिव्या दिल्या. पोरं हसायला लागली. एकाने मुद्दाम आणखी एक पाऊल पुढे टाकलं.

बायको मागून आली. कठड्याशी उभी राहून, आवाज न चढवता, "इळीरी, केळगे इळीरी, कंदा," असं काहीतरी म्हणाली, म्हणजे उतर बाळा, खाली उतर. आणखी दोन वाक्यं बोलली, त्यांत 'अम्मा' हा शब्द मला कळला. पोरं एकेक करून आत आली. एकाने तिला सॉरी म्हटलं.

बारक्या तिच्या मागे लपला होता. दंडावर माझी चार बोटं उमटली होती. सात वर्षांचं पोर ते, मला बघून आईच्या पदराआड गेलं.

मागच्या पावसाळ्यात आमच्या पलटणीचा एक जवान नाला ओलांडताना वाहून गेला होता. गुडघाभर पाणी होतं. रोज ओलांडायचो तोच नाला, वर डोंगरात पाऊस झालेला आम्हाला कळला नाही. दोर माझ्या हातात होता. दुसऱ्या दिवशी दोन किलोमीटर खाली सापडला. हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. फोनवर काय सांगणार? "सगळं ठीक आहे, जेवलो," एवढंच. त्या दिवशी कठड्यापासून लांब एका झाडाखाली बसून बायकोला सांगितलं. पाण्याच्या आवाजामुळे मोठ्याने सांगावं लागलं. असल्या गोष्टी मोठ्याने सांगणं फार विचित्र वाटतं. तिने मध्ये काही विचारलं नाही. शेवटी फक्त, "त्याच्या घरी कोण आहे?" मी सांगितलं.

मग तो कागद काढून तिच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला. म्हणाली, "थोरली आठवीत आहे. दोन वर्षांनी दहावी. गावाला नेलं तर कानडी जाईल, मराठी शाळेत बसवावं लागेल. इथे राहायचं तर पेन्शनवर हे भाडं परवडत नाही." थोडं थांबून, "मला विचाराल तर दोन वर्षं अजून करा."

ती हे म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर लागलं. इतकी वर्षं आम्ही जवान लोक बंकरमध्ये बसून घरचे आपली वाट बघतात या भरवशावर दिवस काढतो. वाट बघता बघता घरचे लोक शिकतात, गाडी चालवतात, टँकरवाल्याशी भांडतात, हे कुणी सांगत नाही. "तुम्हाला माझी गरजच उरली नाही म्हण की," असं मी बोलून गेलो. ती चिडली. "गरज होती तेव्हा तुम्ही होता का? मग शिकलेच ना. आता शिकले त्याचा राग धरू नका." त्यानंतर मला बोलता येईना. आईने दोन चपात्या खर्ड्याबरोबर हातात आणून दिल्या, त्या खाल्ल्या.

भरचुक्कीला गेलो नाही. परतीला बारक्या माझ्या मांडीवर बसायला तयार झाला नाही, मागेच आजीजवळ बसला. कनकपुऱ्याच्या अलीकडे झोपला तेव्हा आईने त्याला पुढे माझ्याकडे दिला. दंडावरचे वळ उतरले होते. चारला घरी पोहोचलो आणि आई हातपाय धुऊन दोन लिंबं घेऊन देवळात गेली. तिने एक दिवा नेहमीचा लावला आणि एक कुणासाठी ते सांगितलं नाही. आमचं बोलणं तिने ऐकलं असावं. झाड काही फार लांब नव्हतं.

फॉर्मवर मी विलिंग लिहून सही केली, पण ती लगेच नाही. परत निघायच्या आदल्या रात्री केली. त्या आधीच्या पहाटे पाण्याचा दिवस होता. साडेचारला नळ आधी खाकरला, मग फुरफुरला, मग धार लागली. बायको उठत होती, तिला म्हटलं, झोप, मी भरतो. कुठलं पिंप आधी, कुठल्या पिंपाची तोटी गळते, मोटर कधी लावायची, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. पाइप सुटून अर्धी मोरी भिजली. आवाजाने बारक्या डोळे चोळत उठून आला आणि दारात उभा राहिला.

"पप्पा, आधी निळं भरायचं," तो म्हणाला. "पिवळं आजीच्या अंघोळीचं."

मी पाइप निळ्या पिंपात घातला. त्याने दुसरं टोक नळाशी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.