भातावरचे कालवण

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर घरभेटींना जाताना माझे लक्ष प्रथम पडवीत रचलेल्या लाकडांकडे जाते. रास उंचावली की गॅसचा भाव चढला असावा, असे मी समजतो. ‘यांना शेगडी दिली तरी चूलच प्रिय!’ असा शेरा आपल्यातील सुशिक्षित मंडळी सहज मारतात. तो मला मान्य नाही.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. जोडणी मिळाली, परंतु पुढचे सिलिंडर घरच्याच पैशाने आणायचे. दिल्लीच्या दराने १४.२ किलोचा सिलिंडर ऑगस्ट २०२० मध्ये ५९४ रुपयांना होता. जुलै २०२२ मध्ये तो १,०५३ रुपयांवर गेला. मे २०२२ पासून उज्ज्वलाच्या लाभार्थींना २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान मिळू लागले, पण ते मागाहून बँकेच्या खात्यात. वितरकाला पूर्ण रक्कम आधी मोजावी लागते. आणि ‘मागाहून’ या शब्दाला रोजंदारीच्या घरात फारशी किंमत नसते.

भाव चढला की मागणी घटते, हे आपण शाळेत शिकलो. ती दोन वाटांनी घटते, हे कीव्ह येथे शिकविणारे येवगेनी स्लुट्स्की यांनी १९१५ मध्ये गणिताने दाखविले. पुढे १९३४ मध्ये हिक्स व ॲलन यांनी तोच विचार स्वतंत्रपणे मांडला. पहिली वाट पर्यायाची. गॅस महागला की त्याच्या तुलनेत लाकूड स्वस्त ठरते. रानातली मोळी रोख पैसा मागत नाही. बाईचा अर्धा दिवस, तिची मान आणि तिची फुप्फुसे मागते. पण त्यांचा हिशेब कोणी वहीत लिहीत नाही.

दुसरी वाट उत्पन्नाची, आणि गरिबाघरी तीच अधिक बोचते. मजुरी तेवढीच राहते, पण तिच्यात येणारा जिन्नस कमी होतो. पावसाळ्यात लाकूड ओले असते, तेव्हा सिलिंडर आणावाच लागतो. मग कात्री कुठे लागते? तूरडाळीला, तेलाला, सुकटीला. गॅसची विक्री मोजणाऱ्याला ही कात्री दिसणार नाही.

उलट बाजूही पाहा. अन्नसुरक्षा कायद्याने ३ रुपये किलोने मिळणारा तांदूळ जानेवारी २०२३ पासून मोफत झाला. प्राधान्य गटातील पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो धान्य मिळते; ते सगळे तांदूळच धरले तरी बचत ७५ रुपयांची. पण तेवढ्यावरून घरात जास्त भात शिजेलच असे नाही. तो पैसा डाळीकडेही वळतो. चीनच्या हुनान प्रांतात जेन्सन व मिलर या संशोधकांनी गरीब कुटुंबांना तांदळावर सवलत देऊन पाहिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की तांदूळ स्वस्त झाल्यावर त्या कुटुंबांनी तो कमीच खाल्ला. महाग झाला असता तर त्यांनी इतर पदार्थ सोडून तांदळावरच पोट भरले असते. रॉबर्ट गिफेन यांच्या नावे मार्शल यांनी १८९५ मध्ये नोंदविलेला विरोधाभास तो हाच. पाड्यावरच्या आईला तो पुस्तकातून शिकावा लागत नाही. भाव चढले की तिच्या घरचा भात कमी होत नाही; भातावरचे कालवण पातळ होते.

उज्ज्वलात ५ किलोचा छोटा सिलिंडरही घेता येतो. आठवड्याच्या मजुरीत तो बसण्याजोगा आहे. आपल्या शेतावर वा घरी कामाला येणाऱ्या बाईंना तो ठाऊक आहे का, एवढे वाचकांनी एकदा विचारून पाहावे.