होडीचे वय, पाण्याचे वय

मराठी कवितेत होड्यांना तोटा नाही. संतांनी नामाची नौका केली आणि भक्ताला पैलतीरी नेले. पुढे भावकवींनी त्याच नौकेत प्रेयसीला बसवले. परंतु या असंख्य नौकांपैकी एकीचीही किंमत आमच्या वाचनात आलेली नाही. ती रोखीने घेतली की उधारीने, नवी की कोणाची वापरलेली, हा प्रश्न नौकेच्या रूपकाचे वर्षानुवर्षे विवरण करताना आम्हांला कधी पडला नव्हता. २०२१ च्या दिवाळीनंतर आमच्याच एका विद्यार्थ्याने तो आमच्यापुढे आणला.

आम्ही दोघे नांदेडला मराठी शिकवतो. हा विद्यार्थी एम. ए.च्या पहिल्या वर्षात होता. भोई समाजातला, लोहा तालुक्यातल्या लिंबोटी धरणाच्या काठचा. वडील तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद. घरची लाकडी होडी निकामी झालेली. लाकूड पाण्यात असते तोवर फुगून सांधे मिटवून ठेवते. पाणी आटले आणि होडी उन्हाळाभर कोरडी पडली, की फळ्या आक्रसून फटी उघडतात. डांबर आणि कापूस भरून काही वर्षे निभली, मग तळच गेला. तेव्हापासून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकणे चालले होते. हाताशी नव्वद हजार रुपये होते. नवी फायबरची होडी पंच्याऐंशी हजारांना मिळत होती. लातूरकडे मांजरा धरणाच्या काठी एक वापरलेली होडी चाळीस हजारांत विकाऊ होती. "सर, कागदं वाचायला तुम्ही संगं चला," असे वडिलांनी सुचवले, आणि आम्ही निघालो.

लोहा, अहमदपूर, चाकूर असा तो रस्ता. वाटेत आम्ही न मागता सल्ला दिला : नवीच घ्यावी. नव्या वस्तूला हमी असते. शिवाय २०२० साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू झाली आहे. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. वडील ऐकून घेत होते. "अनुदान मागून येतंय सर, पैशे अगुदर जातेत," एवढेच ते म्हणाले.

धरण त्या वेळी तुडुंब होते. सप्टेंबर २०२१ मध्ये मांजराचे दरवाजे उघडावे लागले होते आणि नदीकाठची शेते पाण्याखाली गेली होती. भरल्या पाण्याच्या काठावर होडी विकायला निघालेला माणूस पाहून आम्हांला नवल वाटले. ते आम्ही बोलून दाखवताच विकणारा हसला. "पाणी हाय तवरच गिऱ्हाईक हाय, गुरुजी. आटल्यावर हिला कोन इचारतंय?"

त्याची हकीगत थोडक्यात अशी. होडी त्याने २०१४ साली नवी कोरी घेतली होती, कर्ज काढून. ते वर्ष आणि पुढचे वर्ष, दोन्ही दुष्काळाची गेली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. त्या गाडीची छायाचित्रे देशभर छापून आली. शहराला पाणी पुरवणारे हे धरण कोरडे पडले होते आणि त्याच्या भेगाळलेल्या तळावर ही होडी उन्हात पडून होती. होडी कोरडी पडली, हप्ता मात्र चालू राहिला. लाकडाची असती तर निदान चुलीत गेली असती, असे तो म्हणाला.

विद्यार्थ्याच्या वडिलांनी मग परीक्षा सुरू केली. बोटांच्या पेरांनी ते तळ वाजवत गेले. फायबरच्या थरांत पाणी शिरले असेल तर आवाज भद्द येतो. तसा तो एका ठिकाणी आला. नाळेपाशी तीन ठिगळे होती. ती कधी लावली, कोणी लावली, आतूनही लावली की नुसती बाहेरून, हे त्यांनी एकेक करून विचारले. मग होडी पाण्यात ढकलून चौघांना तिच्यात बसवले आणि तासभर तशीच ठेवली. तळाशी वाटीभर पाणी जमले.

आम्हांला 'एका कोळियाने' आठवत होते. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याचे शीड पिठाच्या पोत्यांनी ठिगळलेले आहे, पु. ल. देशपांड्यांच्या त्या अनुवादाच्या आधारे आम्ही ठिगळांवर बरेच बोललो आहोत, त्यांत पराभव आणि चिवटपणा दोन्ही दाखवले आहेत. इथे तीन ठिगळे डोळ्यांसमोर असताना, ती पुढच्या पावसाळ्यात टिकतील का, हा साधा प्रश्न आम्हांला सुचला नव्हता.

परतीच्या आधी चहाच्या टपरीवर वडिलांनी हिशेब मांडला. सौदा अडतीस हजारांत ठरत होता. टेम्पो आणि डागडुजी सात हजार. उरलेल्या पंचेचाळीस हजारांत तंगुसाची जाळी आणि संस्थेने सोडायच्या बोटुकलीतला वाटा. नवी घेतली तर होडी येईल, पण जाळ्याला पैसा उरणार नाही. तलावाचा ठेका पाच वर्षांचा. "नवी होडी पंधरा वर्सं टिकती म्हणतेत सर. पाणी किती वर्सं टिकंल, ते कुनी लिवून देतंय का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. महिन्याच्या पहिल्या तारखेला वेतन मिळणाऱ्या माणसाला हप्ता ही क्षुल्लक गोष्ट वाटते, कारण त्याचे धरण दरमहा भरते. आमचा सल्ला त्या भरवशावर उभा होता. होडी नवी की जुनी हे आम्ही होडीकडे पाहून ठरवीत होतो; ते गृहस्थ पाण्याकडे पाहून ठरवीत होते.

वापरलेली होडी घेतली गेली. ती सोन्यासारखी निघाली असे मात्र नव्हे. दुसऱ्याच वर्षी नाळेचे एक ठिगळ सुटले आणि एका रात्रीची मासळी जाळ्यासकट गेली. मुलाची फी त्या सत्रात उशिरा भरली गेली. तीही त्याच पंचेचाळीस हजारांतून काढायची होती, हे आम्हांला तेव्हा कळले. नवी घेतली असती तर, हा विचार त्या रात्री त्या घरात आला नसेल असे आम्ही म्हणणार नाही.

२०२३ चा पावसाळा मराठवाड्यात रुसला. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही लिंबोटीला गेलो, तेव्हा पाणी बरेच आत सरकले होते. होडी बाभळीखाली चार दगडांवर पालथी घातलेली, तिच्यावर जाळे वाळत पडलेले. तिच्यावर कोणाचे कर्ज नव्हते. ठेका संपला की आता नवी घेणार का, असे आम्ही विचारले. वडिलांनी समोरच्या काठावरची, गेल्या भरतीच्या पाण्याची उतरलेली रेघ पाहिली.

"पाऊस बगू," ते म्हणाले.