सक्तीच्या रकान्यातला पत्ता

डेटाबेस म्हणजे नोंदी रकान्यांत विभागून साठवणारा संगणकीय संग्रह. त्यात पत्त्याचे रकाने आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा फ्लॅट, रस्ता आणि शहर एवढेच असते आणि कोकणातली वाडी त्यात कुठेच बसत नाही. प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिलेल्या एका शिष्यवृत्तीच्या नोंदणीत नेमके हेच घडले. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याच्या एका विद्यार्थिनीने अर्जात ‘मु.’ म्हणजे राहती वाडी, ‘पो.’ म्हणजे जिथे टपाल येते ते गाव, शिवाय तालुका, जिल्हा व पिन असा पत्ता स्वच्छ अक्षरात लिहिला होता. संगणकावर मात्र ‘घर क्रमांक’ आणि ‘रस्ता’ हे रकाने सक्तीचे होते, ते भरल्यावाचून नोंद पुढे सरकत नव्हती; त्यामुळे दोन्हींत ‘लागू नाही’ भरले गेले, ‘शहर’ म्हणून ‘खेड’ आले, वाडी आणि पोस्टाचे गाव दोन्ही गळाले आणि मुलाखतीच्या पाकिटावर तेच छापले गेले: लागू नाही, लागू नाही, खेड, खाली पिन.

श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला सहा अंकी पिन पत्राला वितरण करणाऱ्या टपाल कार्यालयापर्यंत नेतो, पण तिथून पुढे अनेक गावे आणि वाड्या असतात, त्यातली कोणती हे पाकिटानेच सांगावे लागते. पत्र ‘अपूर्ण पत्ता’ अशा शेऱ्यानिशी परत आले, तोवर मुलाखती उरकल्या होत्या आणि यादीत तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागले होते. पत्ता तिने पुरता दिला होता, तो तोडला नोंदणीने, आणि शिक्षा मात्र तिला झाली. तिचा मूळ अर्ज त्याच कार्यालयात फाइलला लावलेला होता, तरी तो उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही, हे आजही सलते.

त्या संतापात सगळे रकाने मोडून पत्ता एकाच मोकळ्या चौकटीत घ्यावा, असे लेखकाचे ठाम मत झाले होते. परंतु तसे केल्यास जिल्हावार यादी निघत नाही, आणि खेड तालुका पुणे जिल्ह्यातही आहे, कर्जत तर रायगड आणि अहिल्यानगर अशा दोन्ही जिल्ह्यांत आहे. तेव्हा अर्जदाराने लिहिलेल्या ओळी जशाच्या तशा ठेवाव्यात आणि तालुका, जिल्हा व पिन एवढेच वेगळे घ्यावेत, हे बरे. पिनवरून तालुका आपोआप भरण्याचा मोह टाळावा, कारण त्या दोन हद्दी जुळतीलच असे नाही. परदेशी पत्तेही येणार असतील तर पोस्टाचा क्रमांक संख्या म्हणून न साठवता मजकूर म्हणून साठवावा: भारतीय पिन शून्याने सुरू होत नाही, परंतु न्यू जर्सीतल्या एडिसनचा ०८८२० संख्या म्हणून साठवला की ८८२० एवढाच उरतो.