शिव-बुद्ध एकच का? जावा बेट आणि आपली कान्हेरी

"बुद्ध काय नि शंकर काय, देव सगळे एकच!" हे वाक्य आम्हां कॉटन ग्रीनकरांना नवीन नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी ते कापसाच्या गोदामात आणि गोदीत ऐकले, आता मुले कॉलेजात आणि ऑफिसात ऐकतात. बोलणारा बहुधा प्रेमानेच बोलतो. पण पुढच्याच वाक्यात तो बुद्धाला विष्णूचा अवतार ठरवतो, तेव्हा १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेली पाचवी प्रतिज्ञा आम्हांला आठवते. मध्यंतरी मुलांनीच घरात नवा मुद्दा काढला. जावा बेटावरचे राजे म्हणे शिव आणि बुद्ध एकच मानत, मग आपणच वेगळे का म्हणवून घ्यायचे?

प्रश्न रास्त आहे. मुलांवर डोळे वटारून तो सुटणार नाही, म्हणून आम्ही चार घरांनी मिळून थोडे वाचले.

जावातली गोष्ट खोटी नाही. तिथे इ.स. ७३२ मध्ये संजय राजाने शिवलिंग स्थापले, आणि त्याच्या मागून आलेल्या पनंगकरण राजाने तारादेवीचे बौद्ध मंदिर उभारून कलसन हे गाव भिक्षुसंघाला दिले. त्या शिलालेखावर साल आहे शके ७००, म्हणजे इ.स. ७७८. शके म्हणजे आपल्या पंचांगातलेच शके बरे का! पुढे सिंहसारीचा राजा कृतनगर १२९२ मध्ये मारला गेला, तेव्हा त्याची स्मृती शिव-बुद्ध या जोडनावाने जपली गेली. त्यानंतरच्या मजापहित राज्यात तांतुलार कवीने 'सुतसोम' काव्य लिहिले. आजच्या इंडोनेशियाचे राष्ट्रीय ब्रीदवाक्य त्याच काव्यातून घेतलेले आहे.

इथवर वाचून मुले जिंकली असेच वाटेल. पण कवीचे झाले, आता कारभार पाहा. मजापहितच्या दरबारात धर्माध्यक्ष एक नव्हता, दोन होते. एक शैवांचा, एक बौद्धांचा. १३६५ साली 'नागरकृतागम' लिहिणारा प्रपंच कवी हा स्वतः बौद्धांच्या बाजूचा अधिकारी. राज्यातल्या धर्मस्थानांची नोंद करताना त्याने शैवांची यादी निराळी दिली आणि बौद्धांची निराळी. तत्त्व एक म्हणा, पण जमीन, मठ आणि माणसे यांचा हिशेब कोणी कोणात मिसळला नाही.

आपल्याकडेही हेच होते, आणि ते पाहायला समुद्र ओलांडावा लागत नाही. आम्ही एका रविवारी डबे बांधून निघालो. वडाळ्याला गाडी बदलली, पुढे बोरिवली आणि मग उद्यानातून कान्हेरी. लेखात या ठिकाणाला कृष्णगिरी म्हटले आहे. उत्तर कोकणावर तेव्हा शिलाहारांचे राज्य होते आणि त्यांच्यावर राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष. हे शिलाहार शिवभक्त. शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा लेख असलेले अंबरनाथचे शिवालय त्यांच्याच घराण्याचे. तरीही पुल्लशक्ती या शिलाहाराच्या काळात, शके ७६५ म्हणजे इ.स. ८४३ मध्ये, त्याच्या वृद्ध अमात्याने कान्हेरीच्या संघाला द्रम्म नाण्यांचे दान दिले. पुढे कपर्दीच्या कारकिर्दीत गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने भिक्षूंसाठी ध्यानाची जागा बांधली आणि १०० द्रम्मांची कायम ठेव ठेवली.

आमच्याबरोबर एक मावशी होत्या. उतारवय, गुडघे दुखतात, तरी वरपर्यंत चढल्या. त्यांनी विचारले, "पैसे कशाकशाला द्यायचे ते लिहिलंय का?" आम्ही सांगितले, अमात्याच्या दानात बुद्धपूजेला, विहाराच्या डागडुजीला, भिक्षूंच्या चीवराला आणि ग्रंथांना असे वेगवेगळे पैसे नेमून दिलेले आहेत. मावशी हसल्या. "म्हणजे आपल्या विहाराची वहीच की!" (देणाऱ्यांची नावे तिथे कोरलेली आहेत. डोंगर फोडणाऱ्यांची नावे मात्र फारशी मिळत नाहीत.)

मुलांना सर्वांत पटला तो मात्र कोल्हापूरच्या शिलाहारांचा दाखला. राजा गंडरादित्य, महालक्ष्मीचा वरप्रसाद मिळाल्याचे बिरुद मिरवणारा. शके १०३२ म्हणजे १११० च्या सुमारास त्याने मिरज भागात इरुकुडी येथे गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला. त्याच्या काठी ईश्वर, बुद्ध आणि अर्हत, म्हणजे जिन, असे तिघे बसवले. प्रत्येकाच्या खर्चासाठी जमीन तोडून दिली, तीही वेगवेगळी. बुद्धाला कोणाचा अवतार करून त्याने ईश्वराच्या वाट्यात बसवले नाही.

आमचे मत विचाराल तर शेजारधर्म म्हणतात तो हाच. गणपतीत शेजारचा प्रसाद हातावर येतो, बुद्धजयंतीला आमची खीर त्यांच्या घरी जाते. त्यात काही बिघडत नाही. बिघडते ते नाव पुसायला लागल्यावर. आमच्या थोरल्या मुलाचे यावर अजून पूर्ण समाधान नाही. "राजांनी दिले म्हणून टिकले, राजे गेल्यावर काय?" असे तो विचारतो. कान्हेरीचे दान आटले आणि भिक्षू निघून गेले, हे त्यालाही दिसले आहे.

तोवर एक झाले. त्या अमात्याने ग्रंथांसाठी वेगळे पैसे ठेवले होते. आमच्या विहाराच्या वहीत मेणबत्ती-अगरबत्ती, वीज आणि पत्र्यांची दुरुस्ती एवढेच रकाने होते. मावशींच्या सांगण्यावरून यंदा पुस्तकांचा चौथा रकाना आखला आहे, आणि पहिले वीस रुपये त्यांनीच भरले आहेत.