खोजा यूसुफ आणि आम्ही

नोकरीनिमित्त आम्ही जुन्नरला आलो तेव्हा पावसाळा लागला होता. मराठवाड्याच्या कोरड्या मुलखातले आम्ही. आठ-आठ दिवस सूर्य न दिसण्याची सवय नव्हती. पण पावसाहून कठीण होते ते घर मिळणे. दोन ठिकाणी नाव ऐकताच खोली 'आत्ताच गेली' होती. तिसऱ्या ठिकाणी आम्ही फोनवर फक्त आडनाव सांगितले, इनामदार. हे आडनाव हिंदूंत असते, मुसलमानांतही असते. "या की, बघून जा," पलीकडून आवाज आला. शिक्षक आहोत म्हटल्यावर कोणत्या शाळेत, हे मालकांनी विचारले नाही. आम्हीही उर्दू शाळेचा विषय काढला नाही.

दाराला पाटी लावली नाही. गावाहून अम्मीचा फोन आला की सलाम हळू आवाजात घ्यायचा. मालकीणबाई वाटीभर आमटी आणून देत, तेव्हा घास गोडही लागे आणि घशात अडकेही.

त्याच पावसाळ्यात आम्हाला अफनासी निकितिन भेटला, वर्गात शिकवण्यासाठी परदेशी प्रवाशांची माहिती गोळा करताना. रशियातल्या त्वेर शहराचा हा व्यापारी. व्होल्गा नदीवर लुटला गेला. कर्ज घेऊन माल भरला होता, रिकाम्या हाताने वतनाला परतणार कसा? म्हणून पुढेच निघाला. दरबंद, बाकू, इराण पाहून होर्मुझच्या बंदरातून एक घोडा घेऊन १४७० च्या सुमारास चौलला उतरला आणि तिथून जुन्नरला आला. म्हणजे आमच्याच गावात! एवढी दुनिया पाहिलेला माणूस इथल्या पावसाने दोन महिने अडकून पडला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे तो लिहितो. घोड्यांना हरभरे आणि खिचडी चारतात, याचे त्याला नवल वाटले. खडकावरच्या किल्ल्याची वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस चढू शकतो, असेही लिहिले आहे. ते वाचताना आमच्या खिडकीतला शिवनेरीच समोर येतो. आणि तो जाईल तिकडे लोक मागे येत, गोऱ्या माणसाकडे बघत राहत.

इथे त्याने नाव घेतले होते खोजा यूसुफ खोरासानी. पण हा मुसलमान नाही, हे जुन्नरचा सुभेदार असदखान याला कळले आणि त्याने घोडा काढून घेतला. आमच्या दीनमध्ये ये, घोडाही देतो आणि हजार मोहरा देतो. नाहीतर घोडा गेला आणि दंड हजार मोहरांचा. मुदत चार दिवसांची. तेवढ्यात खोजा मुहंमद नावाचा एक खोरासानी तिथे आला. त्याने खानाकडे जाऊन रदबदली केली, घोडा सोडवला आणि निकितिनचा धर्मही राखला.

हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, असदखान अपना था क्या?"

आम्ही क्षणभर थांबलो. 'नव्हता' म्हणणे सोपे होते. म्हटले, "हां बेटा, अपना था."

"और वो छुडानेवाला?"

"वो भी अपना था."

वर्ग गप्प झाला. मग दुसऱ्याने विचारले, "लेकिन सर, उसने अपना नाम क्यूं छुपाया?"

याचे उत्तर आमच्याइतके चांगले कोणाला ठाऊक होते? पण ते त्या दिवशी देता आले नाही.

निकितिन पुढे बिदरला गेला. तिथल्या हिंदूंविषयी तो लिहितो की मुसलमानाची नजर आपल्या भांड्यावर पडू नये म्हणून ते जपतात. पण ओळख वाढल्यावर त्याने त्यांना सांगून टाकले की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझे नाव अफनासी. त्यानंतर त्यांनी त्याच्यापासून काहीच लपवले नाही, ना जेवण, ना पूजा, ना घरातली माणसे. आमचे तर उलटे होते. मुसलमान नसल्याचे सांगून त्याला दारे उघडली. आम्हाला मुसलमान असल्याचे सांगायचे होते.

त्या संध्याकाळी वाटी परत करताना आम्ही मालकीणबाईंना पूर्ण नाव सांगितले. त्या म्हणाल्या, "सर, पोस्टमननं तुमचं पाकीट पहिल्याच आठवड्यात आमच्याकडं टाकलं होतं. त्यावर होतं की नाव. तुम्ही कधी सांगताय ते बघत होते."

मालकांना मात्र त्यांनी सांगितले नव्हते. ते चार दिवस आमच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जिन्यात गाठ पडली. म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर?"

"खोली दिली असती?" आम्ही विचारले.

ते बराच वेळ जिन्याकडे बघत राहिले. म्हणाले, "नसती दिली." आणि वर निघून गेले. महिन्याचे भाडे त्यांनी नेहमीसारखेच घेतले.

निकितिन घरी पोहोचला नाही. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याला मरण आले. मागे वही राहिली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर १९५७ मध्ये 'परदेसी' हा चित्रपट काढला.

आम्ही अजून त्याच खोलीत आहोत. दारावर पाटी आहे, पूर्ण नावाची. खिळा मालकांनीच ठोकून दिला.