बेथेलची प्रार्थना

ख्रिस्ती घरातल्या मुलाला प्रार्थना आधी पाठ होते, तिचा अर्थ नंतर कळतो, आणि ती ऐकली जाते का हा प्रश्न त्याच्याही नंतर पडतो. जालना जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांतही हाच क्रम दिसतो. प्रभूची प्रार्थना वाचता येण्याआधीच तोंडपाठ होते. या वयातला विश्वास घराच्या सवयीतून आलेला असतो, म्हणून तो कच्चा ठरत नाही. पुढे शंका आली की ती देवापुढे मांडायचे शब्द याच काळात मिळालेले असतात.

जालन्याच्या मंडळीची सुरुवात मात्र घर सोडलेल्या माणसापासून झाली. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने 1843 मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि अल्पवयीन म्हणून त्याला वडिलांच्या ताब्यात देण्यात आले. त्याला परत जातीत घ्यावे की नाही यावर मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले. न्यायालय, जात आणि मिशन या तिघांच्या ओढाताणीत त्या मुलाच्या मनातला विश्वास किती आणि शंका किती, हा प्रश्न मागेच पडला. दोघा भावांच्या कहाणीतले हे सर्वांत दुःखद अंग आहे.

नारायण पुढे रेव्हरंड शेषाद्री झाले. निजामाच्या राज्यात जालन्याजवळ दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठी बेथेल हे गाव वसवले. त्यांतले बहुतेक मांग आणि महार समाजातले होते. बेथेल हे नाव उत्पत्तीच्या पुस्तकातले. घरातून पळालेला याकोब तिथे दगड उशाला घेऊन झोपतो, स्वप्नात देवाचे अभिवचन ऐकतो, आणि जागा झाल्यावर नवस बोलतो: देवाने सोबत केली, खायला अन्न आणि नेसायला वस्त्र दिले, सुखरूप घरी आणले, तर तोच माझा देव. अभिवचन नुकतेच कानी पडलेले असताना याकोब अट घालतो. प्रवचनांतून या नवसाकडे कधी कधी अपुऱ्या विश्वासाचा नमुना म्हणून पाहिले जाते. पण जातीने जमीन, पाणी आणि मान नाकारलेल्या माणसांच्या वस्तीत भाकरी आणि वस्त्र मागणारी प्रार्थना हलकी म्हणता येत नाही. तिच्यातला ‘तर’ हा अनुभवाने शिकवलेला सावधपणा आहे.

तरुणपणी शंका वाचनातून आणि वादातूनही येते. नीलकंठशास्त्री गोरे यांनी 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते फादर नेहेम्या गोरे झाले. ख्रिस्ती धर्मावर आक्षेप घेता घेता ते त्याच्याकडे वळले होते, आणि बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. 1895 मधील मृत्यूपर्यंत ते शंका बाळगत, तपासत आणि प्रार्थना करत राहिले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या पंडिता रमाबाईंची वाट मोकळी करण्यात त्यांच्या लेखनाचा वाटा होता. दुसऱ्याला पटवू शकलेला माणूस स्वतःपाशी अस्वस्थ होता, म्हणून त्याच्या लेखनाला ढोंग म्हणता येत नाही; ज्याने आक्षेप स्वतः सोसले, त्यालाच त्यांची उत्तरे प्रामाणिकपणे देता येतात.

प्रौढ वयात प्रश्न तात्त्विक राहत नाही. जालन्याने 1972 चा दुष्काळ पाहिला आणि 2012–13 चाही. पावसासाठी प्रार्थना करूनही ढग कोरडे जातात, आजाऱ्यासाठी उपास करूनही आजारी दगावतो. नव्या करारातले याकोबाचे पत्र सांगते की मागणाऱ्याने संशय न धरता मागावे, आणि या वचनाचा आधार घेऊन दुःखी माणसालाच अल्पविश्वासी ठरवले जाते. हे क्रूर आहे. बायबल तेवढ्यावर थांबत नाही. स्तोत्रसंहितेत ‘कुठवर?’ असा जाब देवाला विचारणारी स्तोत्रे आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप आपल्या विश्वासाची आणि अविश्वासाची कबुली एकाच दमात देतो, आणि मुलगा बरा होतो. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती केली. प्याला टळला नाही. हे सारे उपासनेत वाचले जाणारे शास्त्र असल्यामुळे शंका मंडळीबाहेर ठेवण्याचे कारण उरत नाही.

माणूस एकटा प्रार्थना करू शकत नसेल, तेव्हा सार्वजनिक उपासनेची गरज सर्वांत जास्त असते. पाळकाच्या मागून म्हटलेले शब्द, शेजाऱ्याने म्हटलेले आमेन आणि ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातले गीत यांना त्या क्षणी प्रत्येकाच्या मनाची पूर्ण साक्ष लागत नाही. अंत्यविधीतही तेच घडते. प्रोटेस्टंट पद्धतीत प्रार्थना मुख्यतः मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी असते; कॅथोलिक मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करतात आणि 2 नोव्हेंबरला सर्व मृतांचे स्मरण करतात. दोन्हीकडे घरच्या माणसाला आपला विश्वास शाबूत असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. त्याच्या वाटची प्रार्थना त्या दिवशी इतर जण म्हणतात.